गावच्या चर्चचं दप्तर: सेवा चांगली, समास कोरा

बाप्तिस्म्याचा दाखला काढायला गावच्या चर्चमध्ये गेलं की काम एकतर दहा मिनिटांत होतं, नाहीतर तीन हेलपाटे पडतात. मधलं फारसं काही नाही. यातलं काय होणार हे फादरांच्या स्वभावापेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: मागणारा कोणती माहिती घेऊन आला, आणि वहीच्या शेवटी नावांची सूची कुणी करून ठेवली आहे की नाही.

हे परीक्षण खानापूर, नंदगड, लोंढा आणि बेळगाव तालुक्यातल्या खेड्यांच्या कॅथलिक चर्च कार्यालयांचं आहे. एका कुठल्या चर्चचं नाही. बहुतेक ठिकाणी लागू पडेल तेवढंच घेतलं आहे. हॉटेलाचं लिहितात तसं चर्चच्या ऑफिसचं परीक्षण कशाला, असं कुणाला वाटेल. पण मुलीचं लग्न अडतं, वारसाची नोंद अडते, तेव्हा माणूस या टेबलापुढं गिऱ्हाइकासारखाच उभा असतो.

आधी इथं काय मिळतं ते. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), लग्न आणि मृत्यू अशा चार वह्या असतात. काही ठिकाणी पाचवीही असते, वाड्यावाड्यांतल्या घरांची, कुटुंबातल्या माणसांसकट. ही पद्धत जुनी. लग्न आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायची सक्ती कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६३ साली केली आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाचही वह्यांचे नमुने दिले गेले. आज लागू आहे ती १९८३ ची धर्मसंहिता (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं पुस्तक), तिचं कलम ५३५. आपल्याकडं जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकसारखा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या जन्माचा लेखी पुरावा बरेचदा फक्त चर्चच्या वहीत सापडतो. सेवेचं मोल तिथं आहे.

पहिली चूक दारातच होते: चुकीच्या चर्चमध्ये जाणं. नोंद माणूस आज राहतो त्या गावात नसते, ज्या पॅरिशच्या (एका चर्चच्या कारभाराखालच्या भागाच्या) हद्दीत बाप्तिस्मा झाला तिथं असते. गावात आज स्वतंत्र चर्च असलं तरी पन्नास वर्षांपूर्वी तिथं नुसतं कपेल (छोटं प्रार्थनास्थळ) असेल, महिन्यातून एक-दोनदा मिस्सा (उपासना) होत असेल आणि नोंदी मूळ चर्चच्या वहीत गेल्या असतील. कपेलाचं पॅरिश झालं म्हणून जुन्या वह्या फाडून वाटत नाहीत. त्या मूळ चर्चकडंच राहतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारावा: तुमची बाप्तिस्म्याची पहिली वही कोणत्या सालापासून सुरू होते? उत्तर तुमच्या सालाच्या पुढचं असेल, तर मूळ चर्च कोणतं ते विचारा आणि तिकडं वळा. गाडीभाडं वाचतं.

लोंढ्यासारख्या रेल्वेच्या जंक्शनचं आणखी वेगळं. बदलीची नोकरी असलेल्या एकाच घरातली तीन भावंडं तीन वेगळ्या चर्चांच्या वह्यांत असू शकतात. तिथं वडिलांच्या बदल्यांचा क्रम माहीत असणं हाच पत्ता.

धर्मप्रांतांच्या, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशांच्या, सीमाही गोंधळ घालतात. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली झाला. त्याआधी या भागातली कित्येक चर्चं गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली होती. १९७६ मध्ये कारवार वेगळा झाला, म्हणून हल्याळ-दांडेलीकडच्या माणसाला दाखल्यावरचा धर्मप्रांताचा शिक्का कारवारहून आणावा लागतो, बेळगावहून नाही. आजरा-चंदगडकडची चर्चं २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहेत, त्याआधी पुण्याकडं होती. वही गावातच राहते, शिक्का मारणारं ऑफिस तेवढं बदलतं. घराणं मेथडिस्ट (प्रोटेस्टंट पंथाचं) असेल तर हा सगळा रस्ताच वेगळा. त्यांच्या नोंदी त्यांच्या चर्चकडं. आणि बेळगाव कॅम्पातल्या ब्रिटिश काळच्या लष्करी कुटुंबांचा शोध असेल, तर मुंबई इलाख्यातून पाठवलेल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

जाताना काय न्यावं? बाप्तिस्म्याचं नाव, आई-वडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्माचं अंदाजे साल, त्या वेळचं राहतं गाव. आधार कार्ड दाखवावं लागतं, पण शोधायला त्याचा उपयोग कमीच. उपयोग होतो तो भावंडाच्या जुन्या दाखल्याचा: त्यावर वहीचा खंड आणि पान असतं, आणि बहीण दोन वर्षांनी मोठी असेल तर तिच्या पानापासून पुढं वीस-तीस पानं चाळली की बऱ्याचदा काम होतं. धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे) कोण होते हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवतं. तेही विचारून जा. एकाच वाड्यात एकाच नावाची दोन पोरं त्याच साली असली, तर आपलं पोर कोणतं ते धर्मपित्याच्या नावावरून कळतं.

आता खुद्द नोंद. गोव्याखालच्या काळातल्या वह्या पोर्तुगीजमध्ये, काही लॅटिनमध्ये. भाषा येत नसली तरी हरकत नाही, कारण मजकूर ठरावीक साच्यात असतो. सुरुवातीला तारीख, ती आकड्यात नाही तर अक्षरात: ‘मिल ओयतुसेंतुश नोवेंता इ सेत’ म्हणजे १८९७. मग चर्चचं नाव, बाप्तिस्मा देणारा पाद्री, मुलाचं नाव, आणि ‘फिल्यु लेजीतिमु दि’ (औरस मुलगा) यापुढं बाप आणि आई. मुलगी असेल तर ‘फिल्या लेजीतिमा’. शेवटी धर्मपिता-धर्ममाता आणि पाद्र्याची सही.

या साच्यात एक खड्डा आहे आणि त्यात चांगले वाचणारेही पडतात. घाईत लिहिताना जुने पाद्री महिन्यांची नावं तोडून लिहीत: सात हा आकडा आणि पुढं बारीक ‘ब्रु’. हा जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘सेतेंब्रु’ या शब्दातला सात आकड्यानं दाखवलेला आहे, कारण जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होई आणि सप्टेंबर सातवा महिना असे. तसंच ८ ब्रु म्हणजे ऑक्टोबर, ९ ब्रु म्हणजे नोव्हेंबर, १० ब्रु किंवा रोमन दहाचं चिन्ह म्हणजे डिसेंबर. दाखल्यावर ९ ब्रुचा सप्टेंबर झाला की जन्मतारीख दोन महिन्यांनी सरकते आणि मग ती दुरुस्त करताना घाम फुटतो. दाखला हातात आला की महिना मूळ पानाशी ताडून बघायची मागणी करा. बहुतेक ठिकाणी वही तुमच्याकडं वळवून दाखवतात. हात मात्र लावू देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

दुसरा खड्डा नावांचा. जुनी सूची असली तरी ती आडनावानं नसते, बाप्तिस्म्याच्या नावानं असते. म्हणजे ‘डिसोझा’ शोधत बसलात तर दिवस जाईल, ‘जुवांव’ शोधा. आणि घरात ज्याला जुवांव म्हणतात तो वहीत ज्या अक्षरांनी लिहिलाय त्यांचा उच्चार इंग्रजी वाचणारा ‘जोआओ’ करतो. बस्त्यांव हा सेबास्तियांव म्हणून, इनास हा इनासियु म्हणून बसलेला असतो. पोर्तुगीज लिखाणात फुलीसारखं अक्षर बऱ्याचदा ‘श’ असतं, हे माहीत नसलं की शाव्येरचा झेवियर होतो आणि गावाचं नाव तर ओळखूच येत नाही. आजच्या कागदांत भर म्हणून कन्नडची फेरी: कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं आधारवरचं ‘फर्नांडिस’, शाळेच्या दाखल्यावरचं मराठी वळणाचं ‘फर्नांडीझ’, आणि वहीतलं मूळ ‘फेर्नांदेश’. तिघं एकच. पण पासपोर्टवाल्याला हे कोण सांगणार? दाखला इंग्रजीत लिहून मिळतो तेव्हा वहीतलंच रूप तसंच्या तसं उतरवलं पाहिजे. आधारशी जुळवून ‘सुधारलेलं’ नाव लिहून देणारं कार्यालय मदत करतंय असं वाटतं, पण पुढं मूळ नोंदीची नक्कल मागितली की दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. गावाच्या नावाचंही तेच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, राज्याचं म्हैसूरचं कर्नाटक १९७३ मध्ये झालं, बेळगावचं बेळगावी २०१४ मध्ये. जुन्या नोंदीच्या दाखल्यावर जुनंच नाव हवं.

तारखेबाबत एक गैरसमज सगळीकडं दिसतो. वहीत दोन तारखा असतात: जन्माची आणि बाप्तिस्म्याची. पूर्वी बाप्तिस्मा फार लवकर देत; मूल अशक्त असेल तर घरीच, सुईणीच्या हातून, आणि तशीही नोंद वहीत मिळते. घरचे मात्र कधी बाप्तिस्म्याची तारीखच वाढदिवस धरून चाललेले असतात. शाळेच्या दाखल्यावर तर आपल्याकडं अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनचा, कारण मास्तरांनी शाळेत घालताना ती लिहिली. तीन कागद, तीन तारखा. चर्चची तारीख त्यातल्या त्यात खरी असण्याचा संभव जास्त, कारण ती जन्मानंतर लगेच लिहिलेली असते. पण म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला हा सरकारी जन्मदाखला होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर सरकारी जन्मदाखल्याशिवाय चालतच नाही. जुन्या जन्माची उशिरा नोंदणी करताना चर्चचा दाखला पुरावा म्हणून जोडता येतो, एवढंच त्याचं सरकारदरबारी काम.

आता ज्याच्यासाठी हे परीक्षण लिहावंसं वाटलं ते: समास.

बाप्तिस्म्याच्या वहीचं पान उघडलं की एका कडेला उभी पट्टी मोकळी सोडलेली दिसते. वर नोंदीचा क्रमांक आणि मुलाचं नाव, खाली कोरं. ते कोरं माणसाच्या उरलेल्या आयुष्यासाठी असतं. दृढीकरण कुठल्या साली झालं, लग्न कुठल्या चर्चमध्ये कुणाशी झालं, पाद्री झाला किंवा मुलगी कॉन्व्हेंटात गेली, चर्चच्या न्यायासनानं लग्न रद्दबातल ठरवलं, हे सगळं त्या पट्टीत वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरात येऊन बसतं. म्हणूनच लग्नासाठी जुना, घरात जपून ठेवलेला दाखला चालत नाही. सहा महिन्यांच्या आतला ताजा मागतात. जुन्या दाखल्यावर जन्म असतो, ताज्यावर समास असतो.

यंत्रणा साधी आहे. मुलाचा बाप्तिस्मा नंदगडकडच्या एका चर्चमध्ये, लग्न गोव्यात. गोव्याच्या पाद्र्यानं नंदगडला कळवायचं, नंदगडच्या फादरांनी समासात चढवायचं. धर्मसंहितेत कलम ११२२ हेच सांगतं. बिघडतं ते असं: सूचनेचं पत्र पोस्टानं न पाठवता नवरदेवाच्या हातात दिलं जातं आणि ते लग्नाच्या अल्बमात राहतं. किंवा पत्र पोचतं, पण त्यावर खंड आणि पान लिहिलेलं नसतं, म्हणून ‘नंतर शोधू’ म्हणून फायलीत जातं. चार-सहा वर्षांत फादर बदलतात, नव्या फादरांना ती फाइल कसली हे माहीत नसतं. समास कोरा तो कोराच.

त्याचा परिणाम वीस वर्षांनी दिसतो. लग्न झालेल्या माणसाचा दाखला ‘अविवाहित’ दिसतो. कुणी त्याचा गैरफायदा घेऊ शकतो, आणि प्रामाणिक माणसाचंही काम अडतं, कारण लग्न झालं त्या चर्चची वही वाळवीनं खाल्ली असेल तर समासातली नोंद हाच दुसरा पुरावा असायला हवा होता. विधुर किंवा विधवेनं हेही ध्यानात ठेवावं की जोडीदाराचा मृत्यू समासात येत नाही. त्याचा मृत्यूदाखला वेगळा लागतो. या एका बाबतीत गावच्या कार्यालयांना नापास केलं पाहिजे. वही नीट लिहिलेली असते, सही-शिक्का चोख असतो, आणि समासाकडं लक्ष नसतं. उपाय मागणाऱ्याच्या हातात आहे: लग्नाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा खंड-पान-क्रमांक लिहून द्या आणि दोन महिन्यांनी बाप्तिस्म्याच्या चर्चला फोन करून ‘चढवलं का?’ विचारा.

चूक सापडली तर? फादरांना वहीतली ओळ खोडता येत नाही, व्हाइटनर तर नाहीच. शपथपत्र, जुने कागद, साक्षीदार, हे सगळं धर्मप्रांताच्या कार्यालयाकडं जातं, तिथून परवानगी आली की मूळ ओळ तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहितात, पत्राचा क्रमांक आणि तारीख टाकून. वेळ लागतो, त्याबद्दल कुरकुर ऐकू येते, पण ही कुरकुर चुकीची आहे. टेबलावर बसून तारीख बदलून देणारं दप्तर उद्या कुणाच्याही कामाचं राहणार नाही.

वह्यांची प्रकृती हा वेगळाच विषय. जुनी शाई मायफळ आणि हिराकशीची: काळीभोर उमटते, वर्षांनी तपकिरी होते आणि आम्लामुळं कागद खाते. जाड अक्षरांच्या जागी पान जाळीसारखं झालेलं दिसेल. त्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि पश्चिम खानापुरात जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. लोखंडी कपाट वाळवीला अडवतं, पण भिंतीला चिकटवून ठेवलं तर आतून घाम धरतं. भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून वीतभर उंच हवं. वह्या उभ्या कोंबू नयेत, जाड वह्या आडव्या ठेवाव्यात. डांबरगोळ्यांनी कसर थोडी दबते, बुरशीला काही होत नाही. उन्हात वाळत घालणं तर घातकच, शाई उडते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र मायेपोटी झालेलं आहे: लॅमिनेशन. फाटकी पानं प्लॅस्टिकमध्ये गरम करून बसवली की ती परत निघत नाहीत, आतल्या आत पिवळी पडतात. चिकटपट्टीचंही तेच, दहा वर्षांत पट्टी गळते आणि गोंदाचा तपकिरी डाग अक्षरावर राहतो. पान फाटलंच असेल तर गव्हाच्या खळीनं पातळ जपानी कागद लावणारा बाइंडर शोधावा; तो मिळेपर्यंत पान साध्या आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवलेलं बरं. आणि आधी फोटो. फ्लॅश नको, खिडकीच्या आडव्या उजेडात, पानाच्या बरोबर वरून, समाससकट. घाईत काढलेल्या फोटोंत समासच कापलेला असतो.

वहीच हरवली किंवा खाल्ली गेली असेल तरी एक रस्ता उरतो. १९१७ च्या धर्मसंहितेत वर्षाअखेर वह्यांची खरी नक्कल धर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवायचा नियम होता. १९८३ च्या संहितेनं ती सरसकट सक्ती ठेवली नाही. म्हणजे मधल्या काळातली नोंद असेल तर धर्मप्रांताकडं, आणि १९५३ पूर्वीची असेल तर गोव्याकडं, नक्कल आहे का ते विचारून बघण्यात अर्थ आहे.

दाखल्यापलीकडं ज्यांना गावाचा इतिहास हवा त्यांच्यासाठी या वह्या खजिना आहेत, पण खजिन्याची दारं नीट उघडी नाहीत. जुन्या पोर्तुगीज नोंदीत आई-वडिलांच्या नावापुढं ‘नातुराल दि’ असं येतं, म्हणजे मूळ कुठले. तिथं गोव्यातलं बारदेस, साष्टी, तिसवाडी दिसलं की गावातल्या घराण्याची वाट घाटाखालून कशी आली ते कळतं. मृत्यूच्या वहीत प्लेगचा काळ बघावा. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ पुढच्या काही वर्षांत बेळगाव-धारवाडकडं पसरली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे महिनेही तसेच. नोंदी किती दाट झाल्या, अक्षर कुठं घाईचं झालं, हे मोजता येतं. धर्मपित्यांची नावं ओळीनं उतरवली तर कोणत्या वाड्याचं कोणत्या वाड्याशी जमत होतं याचा नकाशाच निघतो. बिशप भेटीला आले की वहीवर शेरा मारून सही करायचे. ‘सूची नाही, करावी’ अशा धर्तीचा शेरा सापडला तर हसू नका, गाऱ्हाणं जुनंच आहे. संशोधनासाठी मात्र आधी लेखी अर्ज करावा लागतो, आणि जवळच्या काळातल्या नोंदी दाखवत नाहीत. औरस नाही अशी नोंद असलेली माणसं आणि त्यांची मुलं गावात हयात असतात. हे झाकणं योग्यच.

वेळेचं सांगायचं तर रविवारी मिस्सा सुटल्यावर जाऊ नका. त्या अर्ध्या तासात फादरांभोवती लग्नाची घोषणा लिहून देणारे, मयताची मिस्सा सांगणारे, हॉलची चावी मागणारे असतात. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आधीचे नोव्हेनाचे, म्हणजे प्रार्थनेचे, नऊ दिवस आणि ईस्टरआधीचा पवित्र आठवडाही टाळा. खेड्यातल्या फादरांकडं दोन-तीन कपेलं असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन केला नाही तर कॅटेकिस्टकडून (धर्मशिक्षकाकडून) ‘फादर भाईर गेल्यात, उद्या या की’ एवढंच ऐकू येणार. पैशाचं ठिकाणानुसार बदलतं, कुठं ठरलेली फी, कुठं ऐच्छिक देणगी. दोन्हीची पावती मागा, देतात. बोलणं बहुतेक ठिकाणी आपुलकीचं, कोंकणी, मराठी, कन्नड कशातही चालतं, आणि ख्रिस्ती नसलेला माणूस जमिनीच्या कज्ज्यासाठी साक्षीदाराचा मृत्यू शोधायला आला तरी हाकलत नाहीत.

दाखला हातात पडला की टेबल सोडण्याआधी चार गोष्टी बघा: खंड-पान-क्रमांक लिहिलाय का, पॅरिशचा गोल शिक्का सहीवर चढलाय का, दाखला दिल्याची तारीख आहे का, आणि शेवटचा ‘शेरा’ हा रकाना. तो नुसता मोकळा असेल तर परत द्या. समासात काही नसेल तर तिथं ‘काही नाही’ असं शब्दांत लिहून घ्या. मोकळी जागा पुढं कुणीही भरू शकतं.